४३ मिलिमीटरचा तुकडा: सिंगल-कट गिटार चौदा महिने वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात पावसाची झड लागलेली असताना मी गिटार केसमधून बाहेर काढली, जवळजवळ पाव सूर उतरलेली 'जी' (G) तार, म्हणजे सहांतली तिसरी, खुंटी पिळून हळूहळू वर आणली, आणि 'टिंग' असा आवाज आला नाही. ज्यांच्याकडे या धाटणीची गिटार आहे त्यांना मी कोणत्या आवाजाविषयी बोलतो आहे हे सांगावे लागणार नाही. खुंटी पिळत असता सूर हलतच नाही, आणखी थोडी पिळावी तर एकदम उडी मारून पुढे निघून जातो, आणि त्या उडीच्या क्षणी नटमधून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या छोट्या तुकड्यातून, एखादी टाचणी फरशीवर पडल्यासारखा बारीक आवाज येतो. चौदा महिन्यांपैकी अकरा महिने मी हा आवाज ऐकला आणि तो घालवण्यासाठी गिटारीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक पैसे चुकीच्या जागी घातले. त्यामुळे हा अनुभव बराचसा एका नटविषयीच आहे. बाकीच्या गोष्टी वाटेत येतील तशा सांगतो.

गिटार मी मे २०२४ मध्ये ४८,५०० रुपयांना घेतली. बनावट आशियाई आणि आराखडा अमेरिकी, गिब्सन लेस पॉलचा: एकाच बाजूचा खांदा कापलेले (सिंगल-कट) महोगनीचे अंग, वर मेपल, चिकटवलेली मान, दोन हंबकर (तारांचे कंपन विजेत पकडणारे दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप), चार नॉब. मेपलच्या ज्या उठावदार लाटा दुकानातल्या दिव्याखाली पाहून मी भुललो, त्या एका पातळ पापुद्र्यावर आहेत आणि खाली साधे मेपल आहे, हे मला नॉबचे भोक मोठे करताना कळले. पण या किमतीत त्याबद्दल तक्रार करणे शोभणार नाही. वजन ४.१ किलो आहे. पट्टा रुंद घेतला तर दीड तास उभे राहून वाजवता येते, त्यापुढे डावा खांदा बोलू लागतो. फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके नीट घासलेली होती, रंगात डाग नव्हता, आणि पहिले तीन आठवडे मी भेटेल त्याला हीच गिटार घेण्याचा सल्ला देत होतो.

चौथ्या आठवड्यात मित्रांबरोबर सराव करताना प्रत्येक दीर्घ बेंडनंतर (तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवणे म्हणजे बेंड) जी तार उतरू लागली. प्रथम मी दोष नव्या तारांना दिला. तारा ताणून, दोन दिवस मुरवून पाहिल्या. फरक पडला नाही. मग संशय साहजिकच ट्यूनरवर, म्हणजे खुंट्यांवर, गेला, कारण सूर लावायचा तो ट्यूनरने, तेव्हा सूर सुटतो तोही ट्यूनरमुळेच, असे कोणालाही वाटेल. वॉरंटी वर्षभराची होती, म्हणून मी गिटार अधिकृत सेवाकेंद्राकडे पाठवली. अठरा दिवसांनी ती परत आली. सोबत १,८०० रुपयांचे 'सेटअप'चे बिल होते आणि नटच्या खाचांत कसले तरी वंगण भरलेले होते. पहिल्या दिवशी तार सुरात राहिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा टिंग. मी फोन केला तेव्हा नट ही झिजणारी वस्तू असल्याने वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. दोन महिन्यांत नट एवढा झिजत असेल तर त्याच नियमाने फ्रेट, तारा आणि ग्राहक हे सगळेच झिजणाऱ्या वस्तूंत मोडतात, असे मी त्यांना लिहून कळवले. त्या पत्राला उत्तर आले नाही. वंगणाच्या जागी मी स्वतः मऊ पेन्सिलीची शिशाची पूड भरून पाहिली. तिचा गुणही तेवढाच टिकला, पण तिला दहा रुपये पडले.

सप्टेंबरात मी लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार आतच घट्ट पकडून ठेवणाऱ्या खुंट्या, घेतले, ९,२०० रुपयांना. ते बसवणे सोपे गेले, कारण भोके १० मिलिमीटरची होती आणि ट्यूनरही त्याच मापाचे होते. फक्त मागच्या स्क्रूची जागा जुळली नाही, म्हणून प्रत्येक ट्यूनरमागे एक नवे बारीक भोक पाडावे लागले. तारा बदलण्याचा वेळ निम्म्यावर आला, हे मान्य केले पाहिजे. जी तार मात्र पूर्वीसारखीच उतरत राहिली, आणि आता ९,२०० रुपये खर्च केलेले असल्यामुळे ती अधिक टोचू लागली.

खरे निदान एका फुकट प्रयोगाने झाले, आणि तो मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. बेंड करून सोडावे, तार उतरली आहे याची खात्री करावी, आणि मग नटच्या मागे, म्हणजे नट आणि खुंटी यांच्यामधल्या तारेवर, बोटाने जरासा दाब देऊन सोडावे. सूर आपोआप वर येऊन जागेवर बसला तर ट्यूनरचा काही संबंध नाही, तार नटच्या खाचेत अडकते आहे. बेंड करताना तार ओढली जाऊन नटमधून थोडी पुढे सरकते. हात सोडल्यावर तिने तेवढेच मागे जायला हवे. खाच तिला धरून ठेवते. म्हणून वाजणाऱ्या भागात ताण कमी राहतो आणि मागच्या भागात जास्त. ट्यूनर कितीही घट्ट असला तरी तो नटच्या पलीकडे उभा आहे, खाचेतल्या घर्षणावर त्याची सत्ता चालत नाही.

आता प्रश्न असा की ही अडचण जी तारेलाच का. याचे उत्तर या घराण्याच्या हेडस्टॉकमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या खुंट्या असलेल्या भागात, आहे. तीन-तीन खुंट्या दोन्ही बाजूंना असतात, आणि मधल्या दोन तारा, डी आणि जी, सर्वांत दूरच्या खुंट्यांपर्यंत जाताना नटमधून बाहेर पडल्याबरोबर बाजूला वळतात. त्यात हेडस्टॉक मागे झुकलेला: मूळ गिब्सन लेस पॉलमध्ये हा कोन १७ अंशांचा, काही काळातल्या नमुन्यांत १४ अंशांचा. म्हणजे तार खाचेच्या तळावर दाबली जाते आणि त्याच वेळी खाचेच्या भिंतीवरही घासते. डी तारेला गुंडाळी असते आणि ती कशीबशी निभावते. जी ही साध्या तारांतली सर्वांत जाड, आणि ताणातला लहानसा बदलही तिच्या सुरात मोठा दिसतो. शिवाय ठुमकत्या चालीच्या गाण्यांत बेंड करायची ती बहुधा हीच.

डिसेंबरपर्यंत माझे मत असे झाले होते की आराखडाच मुळात चुकीचा आहे आणि गेली सत्तर वर्षे लोक तो मुकाट्याने सहन करीत आहेत. १९५२ मध्ये ही गिटार बाजारात आली, १९५७ मध्ये तिला गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांचे हंबकर मिळाले, १९६१ मध्ये तिची जागा दोन शिंगांच्या पातळ गिटारीने घेतली आणि मागणी वाढली म्हणून १९६८ मध्ये ती परत आली. या काळात ब्रिज (अंगावरचा तारांचा आधार) बदलला, पिकअप बदलले, मानेची जाडी बदलली, १९६९च्या सुमारास मान मोडू नये म्हणून हेडस्टॉकच्या मागे एक उंचवटा आला आणि पुढे तो काढलाही गेला; तारांची वाकडी वाट मात्र तशीच राहिली. गंमत अशी की या आकारावरून गिब्सन आणि दुसरे गिटार-उत्पादक पॉल रीड स्मिथ यांच्यात खटला झाला, २००४ मध्ये स्मिथ यांच्या सिंगल-कट नमुन्याच्या विक्रीवर मनाई आली आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने ती उठवली. एवढी मोठी लढाई झाली ती कापलेल्या खांद्याच्या रेषेवरून. स्मिथ यांच्या हेडस्टॉकवर तारा नटमधून जवळजवळ सरळ खुंटीकडे जातात, आणि नक्कल करण्याजोगी गोष्ट खरे तर ती होती. माझ्या गिटारीच्या कारखान्याने हेडस्टॉकची बाह्यरेषा, बहुधा वकिलांच्या भीतीने, वेगळी ठेवली आहे आणि दोष मात्र प्रामाणिकपणे जसाच्या तसा उचलला आहे.

त्या निराशेत माणूस जे करतो ते मी केले आणि पिकअप बदलले. मूळ पिकअप सिरॅमिक चुंबकांचे आणि जास्त वेटोळ्यांचे होते. ब्रिजच्या पिकअपचा रोध मीटरवर १४ किलोओहमच्या आसपास येत होता आणि आवाज जाड, थोडा गुदमरलेला होता. नवे अल्निको चुंबकांचे, सुमारे ८ किलोओहमचे, १४,५०० रुपयांची जोडी. आवाज निश्चितच मोकळा झाला. पण महिनाभराने, जानेवारीत, मी आतले पॉट, म्हणजे नॉबखालचे आवाज व टोन कमी-जास्त करणारे भाग, बदलायला घेतले आणि तेथे माझे मत पुन्हा पालटले.

पॉट बदलण्याविषयी जे लिहिले जाते त्यात मापांची भानगड कोणी सांगत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो. आशियाई गिटारींत बहुधा लहान पॉट असतात, चार आण्याच्या जुन्या नाण्याहूनही लहान. अमेरिकी मापाच्या मोठ्या पॉटचा आटा ९.५ मिलिमीटरचा असतो आणि माझ्या गिटारीची भोके ८ मिलिमीटरची निघाली. ती ड्रिलने मोठी करू नयेत, कारण ड्रिल मेपलच्या पापुद्र्यात अडकून त्याचा कपचा उडवते. हाताने फिरवायचा निमुळता रीमर वापरावा आणि भोकाभोवती कागदी पट्टी चिकटवावी. एवढे सगळे करून मी पॉट बसवले आणि नॉब लावायला गेलो तर ते बसेनात. जुन्या दांड्यावर १८ दाते होते, नव्या दांड्यावर २४. चार नवे नॉब, ६०० रुपये. पॉट, स्विच आणि जॅक मिळून ३,१०० रुपये आधीच गेले होते. टोनच्या पॉटला लागणारा कपॅसिटर मात्र पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा फिल्मचा आणला, पाच रुपयांना. कागद आणि तेल भरलेले, जुन्या काळाची नक्कल करणारे कपॅसिटर हजारभर रुपयांना मिळतात. मला दोहोंतला फरक ऐकू आला नाही, आणि ज्यांना येतो त्यांच्या कानांचा मी आदर करतो.

खरा फरक पडला तो फुकटच्या बदलाने. टोनकडे जाणारी तार व्हॉल्यूम पॉटच्या ज्या पायाला पिकअपची तार येते तेथून काढून मधल्या पायाला, म्हणजे जेथून आवाज पुढे जातो तेथे, डाग देऊन जोडली. पन्नाशीच्या दशकातली जोडणी अशीच होती. या एका बदलाने व्हॉल्यूम सहावर आणला तरी आवाजाची धार टिकते. पूर्वी आठच्या खाली गेले की कांबळे पांघरल्यासारखे होई. टोन फिरवला की व्हॉल्यूमही किंचित हलतो, एवढा त्याचा तोटा आहे. यानंतर मी जिज्ञासेने ब्रिजला मूळचा सिरॅमिक पिकअप पुन्हा जोडून पाहिला, आणि चांगले पॉट व ही जोडणी मिळाल्यावर तो मुळीच गुदमरलेला वाटला नाही. तो आजही तेथेच आहे. म्हणजे १४,५०० रुपयांच्या जोडीतला निम्मा माल ड्रॉवरमध्ये पडून आहे, आणि तो पडून असण्याचे कारण म्हणजे अर्ध्या तासाचे डागकाम मी आधी न करता नंतर केले.

जाता जाता घरघरीविषयी. हंबकर असूनही माझ्याकडे अखंड घरघर येत असे आणि तारांना हात लावला की ओठांपर्यंत बारीक झिणझिण्या जाणवत. गिटारीत दोष शोधण्यात दोन रविवार गेल्यावर कळले की आमच्या जुन्या इमारतीतल्या त्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. हंबकर चुंबकीय गुंजन रद्द करतो, घरातल्या सदोष वायरिंगवर तो उपाय नव्हे. अशा झिणझिण्या येत असतील तर गिटार बाजूला ठेवून आधी वायरमन बोलवावा.

पावसाळ्यात मानेचे काय होते याचीही धास्ती होती, पण ती फारशी खरी ठरली नाही. एप्रिलच्या कोरड्या उकाड्यात आणि जुलैच्या दमट हवेत मिळून ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळी) पाव फेऱ्याहून कमी फिरवावा लागला; सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरचे अंतर ठेवले की तक्रार नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. एवढे पुरते.

आता नटकडे वळतो. एप्रिलमध्ये आईच्या तंबोऱ्याची जवारी काढायची होती, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून त्यांचा झणकार जमवायचा होता, आणि आमच्या घरी हे काम मिरजेखेरीज कोठे केलेले चालत नाही. कोयना एक्स्प्रेसने निघालो तेव्हा एका हातात तंबोरा असताना दुसऱ्या हातात गिटार घेण्याचे कारण खरे तर एवढेच होते की ती मी तेथील कारागिरांना दाखवीन, असे आईने परस्पर ठरवून टाकले होते. "तारेचं वाद्य आहे ना, मग त्यांना कळेल," असे तिचे म्हणणे. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तेथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असल्या ठिकाणी विजेवर चालणारी गिटार घेऊन जाताना मला संकोच वाटत होता.

ज्या चाचांकडे आम्ही गेलो त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, जी तार दोनदा छेडली, खुंटी पिळली, टिंग ऐकला आणि विचारले, "ही अटी प्लास्टिकची का बसवली?" तंबोऱ्यात मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांवरून जातात तिला अटी म्हणतात, आणि माझ्या गिटारीचा नट म्हणजे त्यांच्या दृष्टीने सरळसरळ अटीच होती. दोन हलक्या ठोक्यांनी त्यांनी ती उपटून काढली. खालून ती पोकळ होती, भोवती कड आणि मध्ये नुसती हवा. ४३ मिलिमीटर लांबीचा हा तुकडा बाजारात वीस-पंचवीस रुपयांच्या वर विकत नसेल. चाचांनी तो मला परत दिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दया होती, आणि ती गिटारीबद्दल नसून माझ्याबद्दल असावी.

त्यांनी उंटाच्या हाडाचा तुकडा घेतला. पूर्वी घोडीला सांबरशिंगही वापरत, आता वन्यजीव कायद्यामुळे ते वर्ज्य आहे. हाड कानशीने घासून जागेवर घट्ट बसेल असे केले, जुन्या नटवरून खाचांची अंतरे पेन्सिलीने उतरवली आणि खाचा पाडल्या. गिटारीच्या नटसाठी प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस मिळते; त्यांच्याकडे ती नव्हती. त्यांनी बारीक करवतीने खाचेची सुरुवात केली आणि मग माझ्याच जुन्या तारांचे तुकडे घेऊन, त्यांना बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, त्या तारेनेच तिची खाच घासली. खाच आपोआप त्या तारेच्या मापाची आणि तळाशी गोल झाली. जी आणि डी तारांच्या खाचा त्यांनी मागच्या बाजूला किंचित त्यांच्या खुंट्यांकडे वळवल्या, हे मी न सांगता. सेवाकेंद्राला अठरा दिवसांत जे दिसले नाही ते त्यांना तार हातात घेताच दिसले होते.

मग तारा चढवल्या, आणि जी तार मोकळी वाजवताच गिटारीतून सतार बोलू लागली. चाचांनी खाचेचा तळ सवयीने घोडीसारखा अगदी मंद उताराचा केला होता. तार त्या उतारावर हलकेच टेकत होती आणि झणकारत होती. म्हणजे त्यांनी माझ्या अटीला जवारी काढून दिली होती. त्यांना तो आवाज अर्थातच आवडला. आईलाही आवडला. या वाद्यात तो दोष समजतात, हे सांगताना मला क्षणभर लाज वाटली. पण त्यांनी वाद घातला नाही; "म्हणजे मुकी पाहिजे," एवढे म्हणून खाचेचा उतार मागे तीव्र केला, जेणेकरून तारेचा आधार फक्त फ्रेटच्या बाजूच्या काठावर येईल. झणकार गेला. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट राहते का ते मी तपासले, दोन तारा आणखी थोड्या खाली घ्यायला सांगितल्या, आणि काम संपले. सगळे मिळून दीड तास. पैसे विचारले तर तंबोऱ्याच्या कामात आले म्हणाले; आग्रह केल्यावर ३०० रुपये घेतले.

त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे तीन महिने आणि तारांचे दोन संच, टिंग ऐकलेला नाही. दीर्घ बेंडनंतर जी तार सूर मोजणाऱ्या यंत्राच्या काट्यावर एक-दोन सेंट (अर्ध्या सुराचे शंभरावे भाग) हलते, एवढे कोठेही चालते. १७ अंशांच्या कोनाविषयी आणि वाकड्या वाटेविषयी वर जे कडवट लिहिले ते त्यामुळे मला सौम्य करावे लागेल: आराखडा खोडकर आहे, पण खाच नीट कापली की तो ऐकतो. पोकळ प्लास्टिकला तो ऐकत नाही, आणि अठ्ठेचाळीस हजारांच्या वस्तूत पन्नास रुपये वाचवणाऱ्या कारखान्याबद्दलचे माझे मत सौम्य झालेले नाही.

हिशेब मांडला तर सेटअप, ट्यूनर, पिकअप, पॉट आणि नॉब मिळून २९,२०० रुपये गेले आणि दुखणे गेले ते ३०० रुपयांत. कामाचा क्रम उलटा लावला असता, म्हणजे आधी नट, मग जोडणी, मग वाटलेच तर पॉट, तर मी बहुधा तेथेच थांबलो असतो. याची खातरजमा करण्यासाठी जूनमध्ये मी लॉकिंग ट्यूनर काढून मूळचे ट्यूनर परत बसवले. नव्या भोकांत दातकोरणीचे तुकडे गोंद लावून भरले आहेत, ते मागून दिसतात पण मला चालतात. पाच आठवडे झाले, सूर तसाच टिकतो आहे. लॉकिंग ट्यूनर सहाही नग मूळ डब्यात, स्क्रू आणि वॉशरसह आहेत. १० मिलिमीटरची भोके असलेली गिटार कोणाकडे असेल तर ६,००० रुपयांना देईन. कोथरूडला येऊन न्यावेत, आणि नेण्यापूर्वी नटच्या मागे बोट दाबून तो प्रयोग एकदा करून यावा.